सोलापुरात घरच्या घरी छंद म्हणून लोहारकाम शिकायचं आहे. सुरुवात कशी करावी?

भट्टी गॅसची की कोळशाची, ऐरण कुठे मिळेल, खर्च किती येईल, हे तुम्ही विचारलंय. त्याचं सांगतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एक ओळ टाकलीय: ‘लोहाराकडे जाऊन उपयोग होईल असं वाटत नाही, त्यांना शास्त्र माहीत नसतं, म्हणून व्हिडिओ बघूनच शिकावं म्हणतो.’ ही ओळ नसती तर मी लिहायला बसलो नसतो. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकत आलोय. आधी त्याचंच बोलतो.

मी लोहार नाही. चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, त्यामुळे घरात पाने-हातोडे होते आणि लोखंडाची भीती नव्हती, एवढंच. आईच्या विळीचं पातं सैल झालं म्हणून विजापूर वेशीजवळच्या एका बोळात तात्या लोहारांच्या दुकानात गेलो. पाच मिनिटांचं काम होतं, मी दोन तास उभा राहिलो. चौथ्या रविवारी तात्याच म्हणाले, “बघायलाव तर आत येऊन बघा की सायेब, दारात उभारून काय दिसतंय?”

ते दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. तिन्ही बाजूंनी पोती सोडलेली, तीसुद्धा धुरानं काळी झालेली. भर दुपारी आत शिरलं की दोन मिनिटं काही दिसायचं नाही. मला वाटायचं, ऊन लागू नये म्हणून पोती. दाजी एकदा माझ्याबरोबर आले होते. ते मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात चांगल्या हुद्द्यावर. बाहेर पडल्या पडल्या म्हणाले, “खिडकी नाही, उजेड नाही, हातात कसलं मापाचं साधन नाही. अशा ठिकाणी तू काय शिकणार?” मी तेव्हा गप्प बसलो, कारण मलाही ते थोडं पटलं होतं. ते गप्प बसणं मला अजून लागतं.

मग २०१८च्या मे महिन्यात मी घरामागच्या मोकळ्या जागेत पहिला कोयता केला. भंगारातून ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा आणला होता. रोज पहाटे साडेपाचला उठून, ऊन चढायच्या आत, अकरा दिवस ठोकला. आकार सुरेख आला होता. शेवटचं काम राहिलं, पाणी देणं, म्हणजे पातं तापवून एकदम बुडवून कडक करणं. त्या दिवशी रविवार, उठायला उशीर झालेला, सकाळचे अकरा वाजलेले. मेमधलं सोलापूरचं अकराचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको.

भात्याला हात लावून मी पात्याकडे बघत होतो. व्हिडिओत म्हटलं होतं, चेरीसारखा लाल झाला की बुडवा. मला पातं मळकट लाल दिसत होतं. अजून थोडं, अजून थोडं करत मी वारा देत राहिलो. शेवटी मनासारखा लाल दिसला तेव्हा उचललं आणि अख्खं पातं पाण्याच्या बादलीत घातलं. फस्स आवाजाच्या मागोमाग ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. काचेच्या बांगडीला तडा जावा तसा. बाहेर काढून पुसलं तर धारेपासून निम्म्या पात्यापर्यंत केसासारखी रेघ. अकरा दिवसांचं काम.

गणपतीला दाजी आले, त्यांनी ते पातं हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, “स्प्रिंग स्टील पाण्यात घालायचं नसतं, तेलात घालायचं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. तुझ्या लोहाराला एवढंही माहीत नाही.” सगळ्या घरादेखत. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तात्या पाण्यातच बुडवायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पातं घेऊन तात्यांकडे गेलो. तड्याकडे त्यांनी बघितलंच नाही. पातं शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, अडकवून हातोड्याचा एक टोला दिला, दोन तुकडे केले आणि तुटलेली कड उजेडाला धरली. जाड रवा सांडल्यासारखे चमकते कण दिसत होते. मला म्हणाले, “उन्हात केलंत का?”

एवढंच विचारलं. तोवर मी एक शब्द सांगितला नव्हता.

मग त्यांनी आपल्या एका जुन्या मोडलेल्या विळ्याची कड दाखवली. राखाडी, मऊ, कण दिसतच नाही अशी. कारण असं आहे: तापलेल्या लोखंडाचा लाल रंग म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड. भर उन्हात तो उजेड मारला जातो. अंधारात जे पातं नारिंगी दिसेल, ते उन्हात मळकट लाल दिसतं. म्हणजे मी चेरी लाल समजून वारा देत होतो तेव्हा पातं गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं होतं. जास्त तापलं की पोलादातले कण मोठे होतात, आणि मोठ्या कणांचं पोलाद पाणी देताना तडकतं. ती काळी पोती उन्हासाठी नव्हतीच. ती डोळ्यांसाठी होती. मोजायचं साधन म्हणजे तो अंधार, आणि दाजी त्याच्यासमोर उभे राहून साधन कुठंय म्हणून विचारत होते.

त्या दिवशी तात्यांनी मला सावली दाखवली. पाट्याचा एक तुकडा भट्टीत घातला, पोतं खाली ओढलं आणि म्हणाले, नजर हलवू नका. तुकडा हळूहळू काळ्याचा लाल झाला. मग त्या लाल रंगाच्या आत, कडेला रंग खुललेला असताना मधे, एक काळपट डाग दिसायला लागला. ढगाची सावली शेतावरून सरकावी तसा तो आकसत आत गेला आणि नाहीसा झाला. सगळा तुकडा एकसारखा उजळला. “सावली पळाली. आता बुडवायचं. त्याच्या पुढं एक फुंकर नाही,” म्हणाले. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की पोलादाची आतली रचना बदलताना ते उष्णता पिऊन घेतं, म्हणून तेवढा भाग मागे राहून काळपट दिसतो. साधारण ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटणं बंद होतं, आणि सावली त्याच्याच आसपास दिसते. तात्यांना अंश माहीत नाहीत. त्यांना ती जागा माहीत आहे. याला शास्त्र म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि पाण्याचं. तात्या अख्खं पातं कधीच बुडवत नाहीत. फक्त धारेकडचा बोटभर भाग पाण्यात धरतात, पाठ तापलेलीच ठेवतात. मग बाहेर काढून धार वाळूच्या दगडावर घासून चकचकीत करतात आणि थांबतात. पाठीतली उष्णता धारेकडे उतरायला लागते, चकचकीत भागावर आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तपकिरी असा रंग चालत येतो. विळ्याला सोनेरी, कुऱ्हाडीला त्याच्या पुढचा जांभळट. हवा तो रंग धारेला पोचला की पुन्हा पाण्यात. एकाच तापात कडक करणं आणि कडकपणा थोडा उतरवणं, दोन्ही कामं. मी महिनोन्‌महिने शेजारी उभा राहून यातलं फक्त ‘पाण्यात बुडवतात’ एवढंच पाहिलं होतं. चूक माझ्या बघण्यात होती, त्यांच्या करण्यात नव्हती.

दाजींनी त्यानंतर मला लांबून तापमान मोजायचं पिस्तूल पाठवलं. त्यांनी प्रेमानं पाठवलं, ते मी विसरलेलो नाही. पण त्याची मर्यादाच ३८० अंशांची, म्हणजे जिथं खरं काम सुरू होतं त्याच्या निम्म्यावर ते थांबतं. शिवाय तापलेल्या लोखंडावर काळी खपली धरते, ती सुटली की आकडा बदलतो. गेल्या दिवाळीला दाजी आले तेव्हा मी संध्याकाळी सात वाजता त्यांना मागे नेलं, भट्टी पेटवली आणि सावली दाखवली. दोनदा बघितली त्यांनी. तिसऱ्यांदा बघायला स्वतः भाता फिरवला.

आता तुमचे प्रश्न.

भट्टी कोळशाचीच घ्या. गॅसची स्वच्छ असते, शेजारी कुरकुर करत नाहीत, हे खरं. पण कोळशात तुम्ही आग वाचायला शिकता, हवा तेवढाच भाग तापवता येतो, आणि गावातले सगळे लोहार कोळशावरच काम करतात, त्यामुळे अडलं तर विचारता येतं. दगडी कोळशाचा धूर वस्तीत सहन होत नाही. इस्त्रीवाले जो लाकडाचा लोणारी कोळसा वापरतात तो चालतो, त्यांनाच विचारा कुठून आणतात. जरा लवकर संपतो आणि ठिणग्या उडतात. भट्टी म्हणजे विटा, माती आणि एक लोखंडी पाइप, त्यात विकत घेण्यासारखं काही नाही. हाताने फिरवायचा पंखा मात्र घ्या, विजेचा नको. विजेचा पंखा तुम्ही हातोडी मारत असतानाही वारा देत राहतो आणि पुढचा तुकडा जाळून ठेवतो. पोलादातून पांढऱ्या फुलबाज्या उडायला लागल्या की समजा ते जळलं, ते परत दुरुस्त होत नाही.

ऐरणीसाठी सोलापुरात प्रत्येकजण रुळाचा तुकडा सुचवेल, रेल्वेचं गाव आहे. पावती असेल तरच घ्या. रेल्वेचा माल पावतीशिवाय घरात सापडला तर त्यासाठी १९६६चा वेगळा कायदा आहे. मी भंगारवाल्याकडून जाड शाफ्टचा पंचवीस-तीस किलोचा ठोकळा घेतला आणि बाभळीच्या ओंडक्यात बसवला. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून मूठ वळली की ती ऐरणीला टेकावी. कमी-जास्त झाली की आठवड्यात कंबर सांगते. ठोकळ्याभोवती साखळी गुंडाळा, आवाज निम्मा होतो. हातोडी एक किलोची, जड नको. मला सगळं धरून सात-आठ हजार लागले, त्यातले निम्मे ग्राइंडरला. सांडशी विकत घेऊ नका, तुमची पहिली वस्तू तीच करा.

लोखंड निवडताना बांधकामाच्या सळईनं कोयते करत बसू नका, त्यात कार्बन कमी, धार टिकत नाही. हूक, खिळे, कडी यांच्यासाठी सळई उत्तम. धारेसाठी कमानीचा पाटा. कुठला तुकडा काय आहे हे ग्राइंडरला लावून बघा. साध्या लोखंडाची ठिणगी लांब सरळ रेघ जाते, कार्बनवाल्याची टोकाला फुटते.

एक कबूल करायला हवं. तेलाबद्दल दाजी बरोबर होते. नवशिक्यानं पाट्याचं पातं पाण्यात घालू नये, मीही आता सरकीच्या तेलात घालतो, आधी बोटाला सोसेल न सोसेल इतपत कोमट करून. पत्र्याचा डबा आणि त्यावर लगेच टाकता येईल असं झाकण हवं, कारण तेल पेटतं. इंजिनचं जळकं तेल वापरू नका, त्याचा धूर वाईट. तात्यांची पाण्याची रीत तात्यांच्या हाताची आहे. माझ्याकडून दहातली सहा पाती धड निघतात.

जस्त चढवलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत कधीच घालू नका, त्या धुरानं ताप भरतो. चष्मा लावा. सुती कपडे, टेरिकॉट नको. ओल्या सिमेंटवर तापलेला तुकडा ठेवू नका, सिमेंट फुटून उडतं. आणि तलवारी, जंबिये करायचं डोक्यात असेल तर सोडा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्याच्या कचाट्यात येतं. घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे, आणि विळा-खुरप्यांत शिकण्यासारखं आयुष्यभराचं आहे.

तात्यांकडे जायचं असेल तर बोळात शिरून आवाजाच्या दिशेनं जा. साखर कारखाने सुरू व्हायच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा ऊसतोडीच्या कोयत्यांची रांग असते आणि त्यांना मान वर करायला वेळ नसतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. काहीतरी काम घेऊन जा, सांगतील ते पैसे द्या, घासाघीस करू नका. अमावस्येला त्यांचा भाता बंद असतो, तेवढं कॅलेंडर बघून निघा.