दशांश आधी की वेचणीचे पैसे?

प्रश्न : सिस्टर, सलाम. आमची पाच एकर कोरडवाहू पऱ्हाटी आणि दोन एकर सोयाबीन. यंदा अठ्ठावीस क्विंटल कापूस झाला. तो समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून आहे. भाव वाढेल म्हणून यजमान विकत नाहीत. वेचणी किलोला दहा रुपये ठरली होती. निम्मे पैसे दिले, सहा बायांचे मिळून चौदा हजार राहिले. इकडे सासूबाईंनी कापणीच्या सणाला सोयाबीनच्या पैशातून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दहा हजार टाकले. देवाचा वाटा, दशांश, थकवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. अमरावतीला शिकणारा मुलगा नाताळला आला, त्याला हे कळलं, आणि तो आजीच्या तोंडावर 'ढोंग' म्हणाला. तेव्हापासून घरात संध्याकाळची प्रार्थना एकत्र होत नाही. परवा वेचणाऱ्यांतली एक बाई मला नळावर म्हणाली, "देवाले देल्ले, अन् आमाले?" गावात आमची ख्रिस्ती घरं चारच. मान वर करून चालवत नाही. काय करू?
— एक सून, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, चौदा हजार म्हणजे दोन क्विंटल कापूस. अठ्ठावीसातले दोन. हा हिशेब तुमच्या पत्रात कुठेच नाही. सगळा कापूस विकल्याशिवाय त्या सहा जणींचे पैसे निघायचेच नाहीत, असं तुम्ही सगळ्यांनी धरून ठेवलंय. उद्या खेडा खरेदीवाल्याला, गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, बोलवा, दोन-अडीच क्विंटल द्या, दोनशे रुपये कमी देत असेल तरी द्या. उरलेला पाहिजे तितके दिवस ठेवा.

हे मी शहाणपणाने नाही, खोड मोडल्यावर सांगते आहे. २०२१-२२च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, आठवतं ना? पुढच्या वर्षी अख्ख्या विदर्भानं त्या भावाची वाट पाहिली. मीही पाहिली. पेन्शन सुरू, नवरा गेलेला, तीन एकरांचा कापूस घरात, आणि डोळ्यांसमोर बारा हजार. डिसेंबरात दारात आलेला व्यापारी आठ हजार म्हणत होता. मे महिन्यात सात हजारांनी दिला. वजनात घट आली, कापसातल्या किड्यांनी अंगभर खाज सुटली, ते वेगळंच. पण ते नुकसान माझं होतं, मी ओढवून घेतलेलं. जानेवारीत एक बाई आली होती, "बाई, पोरीची फी भराची हाये, माहे पैसे देता का?" मी म्हटलं, कापूस निघाला की देते. ती काही बोलली नाही. फायनान्सवाल्यांकडून तिनं कर्ज काढलं आणि आठवड्याच्या आठवड्याला हप्ते भरले. ती पोरगी माझ्या हातावर जन्मली होती, मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हा.

मला बारा हजार मिळाले असते, तर वरचे चार हजार मी तिच्यासोबत वाटून घेतले असते का? नाही घेतले असते. मग माझ्या थांबण्याचं व्याज तिनं का भरलं? यजमानांना एवढंच विचारा. भांडू नका.

ते वाईट आहेत असं मला वाटत नाही. भ्याले आहेत. २०२५-२६च्या हंगामाला हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० जाहीर झाला. २०२५च्या ऑगस्टमध्ये बाहेरून येणाऱ्या कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क सरकारनं उठवलं आणि डिसेंबरअखेरपर्यंत उठवलेलंच ठेवलं. सीसीआयकडे, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाकडे, न्यावा तर बारा टक्क्यांवर ओलावा चालत नाही, आधी मोबाइलवर नोंदणी, मग पैसे खात्यात यायची वाट. वरून पीककर्ज. ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज माफ होतं, म्हणून ती तारीख त्यांना झोपेतही पाठ असेल. बँकेला तारीख आहे. त्या सहा जणींना कोणी तारीखच दिलेली नाही. आपल्याकडे मजुरीचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो, पिढ्यान् पिढ्या. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत दे म्हटलंय. आपल्याकडे सूर्य बाजाराच्या दिवशी मावळतो असं समजून सवलत घेतली, तरी दिवाळीपासून किती बाजार झाले?

आता सासूबाई. तुमचं पत्र वाचून मला सगळ्यांत जास्त त्यांचंच वाटलं. १८९९-१९०० सालचा तो छप्पन्या दुष्काळ. त्यात वऱ्हाडातली किती पोरकी लेकरं मिशनच्या आश्रमांत वाढली. आमच्या घराचं मूळ तिथलंच, तुमच्याकडेही विचारून पाहा. दुसऱ्याच्या हातच्या ज्वारीवर जगलेल्या माणसांच्या नातवंडांना मंडळीत पैसे टाकणं म्हणजे दान वाटत नाही, देणं फेडल्यासारखं वाटतं. 'धान्यापायी धर्म सोडला' हे गावाचं टोचणं ज्यांनी लहानपणी ऐकलं, त्या म्हातारपणी सणाला हात आखडत नाहीत. ते ढोंग नाही. चूक आहे, पण ढोंग नाही, आणि हा फरक तुमच्या मुलाला कळायला हवा.

सासूबाईंना उपदेश करू नका. त्यांच्याच बायबलातून त्यांनाच वाचायला सांगा: लेवीय, अध्याय एकोणीस, सावकाश. नवव्या-दहाव्या वचनात सरवा आहे. वावराचे कोपरे कापू नको, पडलेला सरवा गरिबाला आणि परक्याला राहू दे. सरवा हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागणार नाही, लहानपणी वेचला असेल. तिथून खाली तेराव्यात येतं की मजुराची मजुरी रात्रभर तुझ्याजवळ राहू नये. आणि अठराव्यात शेजाऱ्यावर प्रीती. त्या पाठ म्हणतात ते वचन हेच. त्याच्या वरच्या पायरीवर मजुरी आहे हे आपण विसरतो. मग मत्तय पाचमधलं काढा, अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. दहा हजार परत आणायचे नाहीत. फक्त क्रम चुकला, तो पुढच्या वर्षी सुधारायचा.

मुलगा खरं बोलला आणि उद्धट बोलला. खोलीभाडं आणि मेसचे पैसे वेचलेल्या कापसातूनच जातात, हे त्यालाही कोणी विचारायला हवं होतं. आजीची माफी मागू दे, आणि वेचणीची वही त्याच्या हातात द्या. तारीख, नाव, किलो, दिले, राहिले. फोनवर ठेवायची तर फोनवर ठेवू दे.

पैसे कसे द्यायचे तेही सांगते. बायांना अंगणात बोलावू नका. यजमानांनी स्वतः सहा घरं फिरायची, रोख घेऊन. त्यात कोलाम असतील, बौद्ध असतील, आपल्या मंडळीतली असेल तर तिला 'तू तर आपलीच' म्हणून शेवटी ठेवू नका. उशीर झाला एवढं म्हणायचं, भावाचं रडगाणं गायचं नाही. बायबलातल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं. मी तेवढं सांगत नाही, पण घरटी शे-दोनशे वर ठेवले तर काही बिघडत नाही.

मी दिले तेव्हा त्या बाईनं पैसे मोजून घेतले. आधी ती कधी मोजत नव्हती.

प्रश्न : सिस्टर, वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. पोळ्याला आम्ही बैलजोडी तोरणाखाली नेतो. मंडळीतले काही जण म्हणतात, चालत नाही. यंदा नेऊ की नको?
— एक तरुण शेतकरी

उत्तर : न्या. झडत्या, ती पोळ्याची गाणी, ऐका, हसा, घरी या. ओवाळायचं तुमच्या मनाला पटत नसेल तर ओवाळू नका. गाव एवढं समजून घेतं, मंडळीपेक्षा लवकर. आदल्या दिवशीची खांदशेकणी मात्र चुकवू नका. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळून शेकणं ही पूजा नाही, शुश्रूषा आहे, हे नर्स म्हणून सांगते. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' हे बैलाच्या कानात म्हणायला तुमची हरकत नसेल तर देवाचीही नसावी. विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत त्यानं बैलाचं नाव घातलंच आहे, आणि मळणी करताना त्याला मुसकं बांधू नको असंही सांगून ठेवलंय.

एक विचारते. पोळ्याच्या दिवशी तुमचा सालगडी घरी असतो की गोठ्यात शेण काढत असतो? आज्ञेत बैलाच्या आधी त्याचं नाव आहे.