मोतीला ठेवायचं कुठं?

प्रश्न : शेजारची ताई नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून दोन लेकरांसह घर सोडणार आहे. पण तो म्हणतो, “तू गेलीस की कुत्र्याला खलास करतो.” म्हणून तिचं पाऊल अडलंय. दोन शेळ्याही आहेत. मोती कुत्र्याला मी ठेवून घेऊ का?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : ठेवायची तयारी दाखवलीत, हे फार मोलाचं आहे, पण शेजारी नको. मोती भुंकेल, सुटला तर जुन्या घरीच पळेल, आणि नवरा तुमच्या दारात येईल. धुळे, शहादा असं लांबचं घर शोधा. ठेवणाऱ्याला ताईचा नवा पत्ता सांगू नका. निरोप एकाच विश्वासू माणसामार्फत द्या. मोतीचा फोटो स्टेटसला अजिबात नको. आपल्याकडे नात्यागोत्यातून संध्याकाळपर्यंत खबर पोचते.

ताई निघेल त्याच दिवशी कुत्रा हलवा, नवरा कामावर गेल्यावर. चार दिवस आधी मोती गायब झाला तर नवऱ्याला बेत कळेल, आणि बाई घर सोडते त्याच सुमारास मार वाढायचा धोका सर्वात जास्त असतो. लसीचं कार्ड सोबत घ्या, गळ्यातल्या पट्ट्यावर नवऱ्याचा नंबर असेल तर पट्टा बदला. कार्ड सापडलं नाही तर नव्या गावी रेबीजची लस पुन्हा टोचून घ्या.

ठेवणाऱ्यानं पहिले दोन आठवडे घरच्या कुत्र्या-मांजरांपासून वेगळं ठेवावं आणि गोचीड तपासावी : कानात, पंज्यांच्या बोटांमध्ये, शेपटीखाली. फिरवताना पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस बांधा. घाबरलेला कुत्रा डोकं मागे ओढून पट्ट्यातून निसटतो. मारझोडीच्या घरातला कुत्रा काठी उचलली, आवाज चढला की खाटेखाली शिरतो. ओढून काढू नका, चावेल. भाकरीची वाटी जवळ ठेवून बाजूला व्हा. जुनं खाणं तीन-चार दिवसांचं सोबत आणा, मग आठवडाभरात थोडं थोडं बदला, नाहीतर जुलाब होतात. कांदा-लसणाची भाजी, वरण कुस्करून देण्याची आपली सवय मोडा. कांद्यानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बांधू नका.

खर्च कोण करणार, किती महिने ठेवायचं, आजारपणात निर्णय कोणाचा, हे आधीच कागदावर लिहा. ताई परत न्यायला येणार, हे ठेवणाऱ्याच्या लेकरांनाही पहिल्या दिवसापासून सांगा.

शेळ्यांचं अवघड आहे. त्या लपत नाहीत, आणि नवरा त्यांना आठवडे बाजारात विकूही शकतो. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर, फोटो, आणि बचत गटाच्या कर्जातून घेतल्या असतील तर त्या पावत्या ताईनं जपाव्यात. 2005च्या घरगुती हिंसाचार कायद्यात बाईचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणं ही आर्थिक छळाची बाब आहे. कलम 18 खाली न्यायालय विक्री रोखू शकतं. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटना अहवाल नोंदवताना शेळ्यांची माहिती आणि मोतीला मारायची धमकी, दोन्ही लिहून घ्यायला सांगा. मोतीची कागदपत्रं नवऱ्याच्या नावावर असतील तर तो चोरीची तक्रार करू शकतो, तेव्हा ही नोंद कामी येते. जनावर मारून टाकलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ताईच्या मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181, जीवावर बेतलं तर 112 ला फोन करा. हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी सखी केंद्रातला तात्पुरता निवारा साधारण 5 दिवसांचा असतो, त्यामुळे पुढची जागा आणि मोतीचं घर आत्ताच ठरवा.