फँटसी आरपीजीमधले साथीदार खरंच चांगले लिहिलेले असतात, की आपल्याला त्यांची नुसती सवय होते?

तुम्ही विचारलंय की फँटसी रोल-प्लेइंग गेम्समधल्या कंपॅनियन पात्रांचं सगळीकडे एवढं कौतुक चालतं, ते लिखाणाचं असतं की शंभर तास सोबत फिरल्यावर कुणाचाही लळा लागतोच त्याचं. मी हे गेम्स बरीच वर्षं खेळतोय, एकेक तर तीन-तीनदा, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे स्पॉयलर आहेत, बाल्डर्स गेट ३ अर्धवट असेल तर आधी संपवून या.

लळा लागतो हे खरंच आहे. स्कायरिममधली (२०११) लिडिया घ्या. तिला लेखकांनी मोजकी वाक्यं दिलीयेत, सामान दिलं की तुमचं ओझं वाहायची शपथ घेतलीय असं म्हणते आणि अरुंद दारात उभी राहून वाट अडवते, बाकी काही नाही. तरी ती ड्रॅगनच्या आगीत मेली की लोक जुना सेव्ह लोड करतात, मी पण केलाय. ती सवय. पुढच्याच वर्षी डॉनगार्ड या त्याच गेमच्या जोडभागात सेराना आली तेव्हा फरक लगेच कळला, ती आपल्या मागे नुसती चालत नाही, थांबलो तर इकडंतिकडं जाते, खुर्चीत बसते, आपल्या आईबापांबद्दल तिची स्वतःची मतं आहेत. आपण नसतो तरी ही काहीतरी करतच असली असती असं वाटतं.

म्हणून सवय आणि लिखाण वेगळं करायला मी एकच गोष्ट बघतो, हे पात्र मला ‘नाही’ म्हणू शकतं का. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘अमक्याला हे आवडलं नाही’ अशी ओळ येऊन जाते ते मी धरत नाही. त्याच्याकडे असं काहीतरी पाहिजे ज्याच्यासाठी ते मला अडवेल, सोडून जाईल, वेळ आली तर माझ्यावर तलवार उपसेल.

यात माझ्यासाठी सगळ्यात पक्कं उदाहरण म्हणजे ड्रॅगन एज: ओरिजिन्समधला (२००९) स्टेन. लोदरिंग गावाबाहेर तो पिंजऱ्यात उभा असतो, गावानं त्याला तिथं मरायला सोडलेलं असतं. का, तर त्यानं एका शेतकऱ्याचं अख्खं घर मारून टाकलंय, आणि विचारलं तर तो सरळ हो म्हणतो, एक सबब नाही, एक अश्रू नाही. पहिल्यांदा खेळताना मी त्याला फक्त ताकद आहे म्हणून घेतला होता आणि कॅम्पमध्ये बोलायला गेलो की दोन शब्दात उत्तर, विषय बंद. खूप नंतर तुकड्यातुकड्यानं कळतं की तो जखमी पडला होता, त्या लोकांनीच त्याला घरात आणून वाचवलं, जाग आली तेव्हा तलवार जवळ नव्हती आणि तो घाबरला. त्याच्या लोकांत सैनिकाची तलवार म्हणजे त्याचा आत्मा, ती हरवून परत गेला तर त्याला पळपुटा समजून मारतील. म्हणजे हा खुनी आहे, भ्यायलेला आहे, आणि केल्याची शिक्षा भोगायला पळून न जाता तिथंच थांबलाय, तिन्ही एकदम. ती तलवार आपण शोधून दिली की तो जे बदलतो तेही अगदी थोडं, पण एवढे दिवस दोन शब्दांवर काढल्यावर ते थोडंच फार मोठं वाटतं.

आणि ‘नाही’ कुठं आहे, तर हेवन गावात. राज्यावर राक्षसांची फौज चालून येतेय आणि आपण डोंगरात कुणा मेलेल्या बाईची राख शोधत फिरतोय, हे त्याला पटत नाही. त्याला सोबत नेलं असेल तर तो तिथं मध्ये उभा राहू शकतो, म्हणतो आता नेतृत्व मी घेतो, आणि तुम्हाला खरोखर त्याच्याशी लढावं लागतं. त्याच्या जागी उभं राहून बघा, त्याचं बरोबर आहे! शत्रू एकीकडं, आपण भलतीकडं. मला लिहिणाऱ्याचं कौतुक इथं वाटतं की त्यानं स्टेनला वेडा किंवा दुष्ट ठरवून मला सोपी वाट दिली नाही. हाच माणूस दुसऱ्या एका वेळी सांगतो की गावातल्या एका जाड्या पोराकडची बिस्किटं मी घेतली, त्याला आणखी नको होती, आणि आमच्याकडं असलं काही मिळत नाही याचं त्याला खरं वाईट वाटतं. हसू येतं, पण तो विनोद करत नसतो, तो पूर्ण गंभीर असतो, म्हणून पात्र तुटत नाही.

त्याच गेममधला ॲलिस्टर बहुतेकांचा लाडका, माझाही. त्याच्या गुरूला रणांगणावर दगा देऊन मरायला सोडणाऱ्या लोगेनला आपण सभेत जीवदान दिलं तर ॲलिस्टर पार्टी (आपली साथीदारांची टोळी) सोडतो, मग तुमची मैत्री कितीही असो, प्रेम असो. मी तेव्हा त्याचा अप्रूव्हल, म्हणजे आपण त्याला किती आवडतो तो आकडा, पूर्ण भरला होता आणि मला वाटलं होतं की एवढं केल्यावर तो ऐकेल. नाही ऐकलं. लोगेन त्याच्या जागी पार्टीत आला आणि मला कॅम्पमध्ये त्याच्याशी बोलायला बरेच दिवस नको वाटायचं.

पण याच गेममध्ये उलटं उदाहरणही आहे, त्या भेटवस्तू. कुणी रागावलं की दागिना द्या, पुस्तक द्या, आकडा वर. गावभर आग लावून या आणि मग चार वस्तू देऊन सगळं गोड करा. लिखाण एवढं चांगलं आणि त्याच्या बाजूला हा गल्ल्यासारखा आकडा, याचा मला आजही राग येतो, कारण आपण माणसाशी बोलायचं सोडून आकड्याशी बोलायला लागतो, उत्तर मनात येईल ते न देता त्याला काय आवडेल ते देतो, मग ते पात्र कितीही छान लिहिलेलं असलं तरी आपल्याला त्यात फक्त आपलीच खुशामत परत ऐकू येते. ड्रॅगन एज २ (२०११) ला लोकांनी बऱ्याच शिव्या दिल्या, एकाच गुहेचा नकाशा परत परत वापरलाय वगैरे, त्या मान्य. पण साथीदारांच्या बाबतीत त्यांनी एक फार शहाणी गोष्ट केली, आवड-नावडच्या ऐवजी मैत्री आणि रायव्हलरी (चुरशीचं भांडण) ठेवली. इझाबेला ही साथीदार अडचणीच्या वेळी एक चोरलेला ग्रंथ घेऊन पळून जाते, आणि तुमचं तिच्याशी घट्ट जमलेलं असेल किंवा तेवढंच घट्ट भांडण असेल तर ती परत येते. कोमट असाल तर नाही येत. सतत वाद घालणारा माणूसही आपला असतो हे एवढं साधं आहे, पण त्याच्यासाठी आकड्याचा अर्थच बदलावा लागला. मला कळत नाही बाकीच्यांनी ते का उचललं नाही.

आता जुन्याकडं. प्लेनस्केप: टॉर्मेंट (१९९९) मध्ये डक्कॉन म्हणून एक म्हातारा लढवय्या आहे. त्याच्याकडं एक तलवार आहे जी त्याच्या मनाच्या अवस्थेप्रमाणे रूप बदलते, मन गोंधळलं की पातं बोथट, मन एकाग्र झालं की धारदार. नुसतं हत्यार बघून त्याच्या आत काय चाललंय ते कळतं, याच्यापेक्षा सुटसुटीत पात्रलेखन मी बघितलं नाहीये. तो तुमच्या मागे का येतो हे बराच वेळ सांगत नाही. त्याच्याजवळ दगडी कड्यांचं एक चक्र असतं, त्याच्या लोकांची शिकवण त्यात कोरलेली, ते कडं फिरवून उघडायचं, वाचायचं, मग तो विचारतो काय समजलं. आपण उत्तर द्यायचं, बरोबर असेल तर पुढचं कडं. लढाई नाही, काही नाही, दोघं बसून एक मजकूर वाचतायत. आणि हळूहळू ध्यानात येतं की शिकवणाऱ्याचाच त्या शब्दांवरचा विश्वास डळमळलाय, आणि काही ठिकाणी तर तुम्हीच त्याला अर्थ सांगायला लागता. मग कळतं की हे चक्र मागच्या कुठल्यातरी आयुष्यात आपणच त्याला दिलं होतं, तो कोसळलेला असताना, दयेनं नाही तर त्याची तलवार आपल्या कामाला यावी म्हणून. त्यानं बदल्यात शपथ घेतली की तुझा मृत्यू होईपर्यंत तुझी सेवा करीन. आणि आपला नायक मरू शकत नाही. मी त्या ओळीवर खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. बघा, इथं तो ‘नाही’ म्हणूच शकत नाही, आणि गोष्टीचा सगळा घाव तिथंच आहे. माझी कसोटी उलटी करून वापरलीये.

बाल्डर्स गेट २ (२०००) मधला योशिमो पण याच जातीचा. हसतमुख चोर, पार्टीत लगेच उपयोगी, आणि मधेच दगा देतो, कारण त्याच्यावर एक मंत्रबंधन आहे आणि त्याच्या हातात काही उरलेलंच नाहीये. तो मेल्यावर त्याचं हृदय इल्माटर देवाच्या पुजाऱ्याकडं नेऊन देता येतं. कुणी सांगत नाही की न्याच, पण मी दरवेळी नेतो.

आणि बाल्डर्स गेट ३ (२०२३), ज्याच्यामुळं बहुतेक तुम्हाला हा प्रश्न पडला असेल. ॲस्टारियन या साथीदाराबद्दल सगळे लिहितात आणि नील न्यूबन या नटानं त्याचं केलेलं काम तेवढं आहेच, त्याला त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस पण मिळालं. मला मात्र शॅडोहार्ट या दुसऱ्या साथीदाराचा एक क्षण जास्त वर वाटतो. ती शार देवीची भक्त, लहानपणाच्या आठवणी पुसलेल्या, हातावरची एक खूण अधूनमधून दुखते आणि ती ते लपवते. दुसऱ्या अंकात तिच्यासमोर नाइटसाँग नावाची एक कैदी आणि शॅडोहार्टच्या हातात भाला, त्या कैद्याला मारलं की देवीच्या सेवेतलं जे मानाचं पद तिला जन्मभर हवं होतं ते मिळणार. पडद्यावर तुमच्यासाठी पर्याय येतात, थांबव, समजाव, आणि एक पर्याय गप्प राहायचा, तिला ठरवू द्यायचं. शंभर तास आपणच सगळ्यांसाठी ठरवत आलेलो असतो ना, माझा हात माउसवर तसाच थांबला होता. तोपर्यंत तिच्याशी नीट वागला असाल, तिला स्वतःचे प्रश्न पडू दिले असतील, तर गप्प राहिल्यावर ती स्वतःच भाला फेकून देते. पुढं होऊन जोर केला तर बिघडू शकतं. म्हणजे खेळाडूला ‘तू बाजूला हो’ असं सांगायची हिंमत लेखकांनी केलीये, आणि एवढ्या मोठ्या बजेटच्या गेममध्ये ते सोपं नाहीये.

त्याच गेममधला विल हा साथीदार मला तुटपुंजा वाटतो, कार्लाख ही दुसरी साथीदार सोबत असली की तर फारच, दोघांना मिळून जेवढं वजन यायला पाहिजे ते सगळं तिच्याकडं जातं. आणि सगळेच साथीदार रात्री कॅम्पमध्ये आपापलं जुनं दुःख घेऊन आपलीच वाट बघत बसतात ही एकंदर या प्रकारातली खोड आहे, माणसं एकमेकांशी पण बोलतात की. त्यासाठी चालता चालता होणारा बँटर (साथीदारांच्या आपसातल्या गप्पा) असतो, पण हिशोब करून बघा, नऊ साथीदार म्हणजे ३६ जोड्या, प्रत्येक जोडीची थोडीतरी गोष्ट पुढं सरकायला पाहिजे, वर आधी काय घडलंय त्याप्रमाणे प्रत्येकाची वेगळी वाक्यं, आणि त्यातलं बरंचसं एका खेळाडूला कधी ऐकूच येणार नाही. तरीही कुणीतरी ते लिहितं. ॲलिस्टर आणि ओरिजिन्समधलीच जादूगार मॉरिगन यांना एकत्र घेऊन नुसते हिंडा, ती दोघं एकमेकांना बोलतात त्यात मी बाजूलाच असतो, आणि मला ते आवडतं.

तर माझं उत्तर, सगळे नाही, पण चांगले लिहिलेले आहेत आणि ते सवयीच्या पलीकडचे आहेत. तपासून बघायचं असेल तर ओरिजिन्सपासून सुरू करा, भेटवस्तू अजिबात वापरू नका, मनात येईल ते उत्तर द्या आणि कुणी सोडून गेलं तर सेव्ह लोड करू नका. स्टेनला पिंजऱ्यातून सोडायचं की नाही हे मात्र तो तिथं जेवढं सांगतो तेवढं ऐकून मग ठरवा, मी पहिल्या वेळी ऐकलंच नव्हतं.