सही करण्याआधी हे वाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. ऑर्डरी आटल्या म्हणून सांगलीजवळच्या कुपवाडच्या तुझ्या कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवरची पोरं कमी केली, त्यात तुझंही नाव आलं. मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात संध्याकाळी शेतमालाच्या विक्रीच्या पट्ट्या लिहायला ये म्हणतात, महिन्याला ६,००० रुपये देतील. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, बेकारी भत्ता घेत घेत हे काम करता येईल का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर देतोच. पण निरोपात जाता जाता तू म्हणालास, की कंपनी राजीनामा लिहून मागतेय, म्हणजे हिशेब लगेच होईल. आधी तेवढं बघू.

राजीनामा लिहून देऊ नकोस.

तू काम सोडलेलं नाहीस, तुला कामावरून कमी केलंय. कागदावर हीच गोष्ट आली पाहिजे. छाटणी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदली पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ती आहे. शिवाय संहितेने एक भर घातली: पुन्हा कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार, तोही ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर. तुझा पगार १८,०००, नोकरी चार वर्षं. म्हणजे भरपाईचेच साधारण ३६,००० झाले, निधीचे ९,००० वेगळे, नोटिशीचा महिना वेगळा. राजीनाम्यात यातलं काही येत नाही. आणि ‘हिशेब लगेच’ देण्यात उपकार कसला? कामावरून कमी केलं की राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा, असं वेतन संहिताच सांगते.

आता भत्ता. ईएसआयकडे बेकारीसाठी दोन योजना आहेत आणि पोरं त्यांची नावं एकमेकांत मिसळतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. सरासरी रोजाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. तुझ्या पगारावर रोजचे ३०० धर, तीन महिन्यांचे २७,०००. काम सुटल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो. अर्ज कामगाराने स्वतः पोर्टलवर भरायचा, मालकाच्या सहीवाचून अडत नाही. किमान दोन वर्षं विम्यात असलेली नोकरी लागते आणि बेकार होण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांचा भरणा. ही योजना मुदतीवर चालते, मुदत वाढवत नेतात. म्हणून अर्जाआधी चालू मुदत कार्यालयात विचारून घे.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ ची. कायद्याने छाटणी झालेल्या किंवा कारखाना बंद पडलेल्या कामगारासाठी ती आहे. पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के, सगळ्या आयुष्यात मिळून २४ महिने. तुझ्या पगारावर मांडून बघ: पहिल्या वर्षाचे १,०८,०००, दुसऱ्याचे ५४,०००. दोन्ही योजना एकदम मिळत नाहीत. एकीकडे २७,००० आणि दुसरीकडे काम मिळेपर्यंत दोन वर्षांचा आधार, आणि हा फरक पडतो तुझ्या हातातल्या पत्रावर काय लिहिलंय त्याने. राजीनामा दिलास की दुसऱ्या योजनेचं दार बंद. म्हणून मला राग येतो, जेव्हा कुणी तुझ्यासारख्या पोराला गेटवर उभं करून ‘दोन ओळी लिहून दे’ म्हणतं.

नुसतं पत्र घेऊनही भागत नाही. माझा जन्म कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरी-पगाराच्या नोंदी ठेवण्यात गेला, म्हणून सांगतो. दर महिन्याला ईएसआयचा भरणा करताना ज्याची हजेरी शून्य आहे त्याच्या नावापुढे कारण निवडावं लागतं. नोकरी सोडली हे एक कारण, छाटणी हे वेगळं. ऑफिसातला पोरगा घाईत पहिलं निवडून मोकळा होतो आणि पुढे तुझा दावा त्यावर अडतो. आत्ताच लेखी दे, की माझ्या नावापुढे छाटणी हेच कारण भरावं. अर्जाची पोच घे, शिक्का आणि तारखेसकट. तोंडी ‘करतो, करतो’ला किंमत नाही. आणि पोर्टलवर तुझ्या विमा क्रमांकाने गेल्या दोन वर्षांचा भरणा तपासून घे. तू आधी ठेकेदाराकडे होतास, मधे तुला ब्रेक दिला होता. त्या महिन्यांचे पैसे कापले पण भरले का, ते आत्ता कळलं तर ईएसआयच्या कार्यालयाकडे तक्रार करता येईल.

आता आडत दुकान. काही देशांत अर्धवेळ कमाई भत्त्यातून वजा करतात आणि उरलेला भत्ता देतात. आपल्याकडे तशी सोय नाही. भत्ता बेकार माणसाला आहे. पगाराच्या कामाला लागलास की तो थांबतो, मग काम दोन तासांचं असो की आठ. अटल योजनेत मधेच काम लागलं तर काम सुटल्यापासून नवं काम धरेपर्यंतच्या दिवसांचा दावा उरतो, त्यापुढचा नाही. म्हणजे भत्ता आणि पट्ट्या दोन्ही एकाच वेळी, हे जमणार नाही.

तू म्हणशील, आडत्या रोख देणार, कोणाला कळतंय? मला कळण्या न कळण्याची काळजी नाही, तुझी आहे. हळदीचे नि बेदाण्याचे सौदे सुरू झाले की यार्डात पट्ट्या लिहिणारा नुसता पट्ट्या लिहीत बसत नाही. पोती मोजतो, थप्पीवर चढतो, गाडी भरताना हात लावतो. तिथे पाय मोडला तर दवाखान्यात काय सांगणार? घरी पडलो? एकदा अर्जावर ‘मला काम नाही’ अशी सही केलीस, की खरं काम लपवायला पुढे दर वेळी खोटं सांगावं लागेल. शिवाय विमा क्रमांक जन्माचा एकच असतो. त्या दुकानाने उद्या तुझं नाव विम्यात घातलं तर तारखा समोरासमोर येतील. घेतलेले पैसे परत भरावे लागतील आणि खोट्या निवेदनाची कारवाई होईल ती वेगळीच. हा पैसा तुझ्यासारख्यांच्याच पगारातून जमलाय. तुझे महिन्याला १३५ कापले जायचे, कंपनी ५८५ घालायची.

मग माझं मत? यंदा आडत्याला नम्रपणे नाही म्हण. ६,००० साठी ९,००० चा भत्ता सोडावा असं ते काम नाही, आणि सौद्यांचा हंगाम उतरला की तेही संपेल. भत्त्याचे महिने मशिनवरचं काम शोधण्यात घाल. मिरज, पलूस, शिरवळपर्यंत बघ. सेटिंग तुला येतं, प्रोग्रॅमिंग शिकून घे, मग पगाराची बोली तू करशील. पण घरात निभत नसेल, वडिलांच्या औषधाला रोख लागत असेल, तर काम धर, त्यात कमीपणा नाही. फक्त ज्या दिवशी रुजू होशील त्याच दिवशी ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी कळव आणि त्याची पोच जपून ठेव. अधूनमधून एखादा दिवस कुणाकडे मदतीला गेलास, तेही लिहून विचार. काउंटरवर उभ्या उभ्या मिळालेल्या उत्तरावर विसंबू नकोस. वडिलांच्या उपचाराचंही सांगतो: भत्ता चालू असेपर्यंत तुझी आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्यांची औषधपाण्याची सोय ईएसआयकडे चालू राहते. ती वापर.

तू घरी अजून सांगितलं नाहीस, सकाळी डबा घेऊनच बाहेर पडतोस, हे तुझ्या मित्राकडून कळलं. मला वाईट वाटलं. आपल्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता, हे त्यात आलं. तेव्हा काम मागताना बायाबापड्यांनी मान खाली घातली नाही. तुझ्या भत्त्यासाठी तर तू दर महिन्याला पैसे मोजलेस. आज संध्याकाळी आईवडिलांना सांग. हवं तर मी येतो सोबत.

पीएफचं थोडक्यात. पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, तुझी चार झालीत. अडचण म्हणून पेन्शनचे पैसे काढलेस तर ती चार वर्षं मोजणीतून जातात. ते राहू दे, पुढच्या नोकरीला जोडून घे.

रविवारी सकाळी घरी ये. पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, आधार, ईएसआयचं कार्ड आणि कंपनीने सहीसाठी दिलेला तो कागद, सही न करताच, आण. छाटणीच्या पत्राची मागणी आपण तेव्हाच लिहू, म्हणजे सोमवारी टाइम ऑफिसात देऊन पोच घेता येईल.

तुझा,
काका