जर्मनीत टीम सांभाळायची तर

तुम्ही विचारलंय, चाकणच्या प्लांटमधून स्टुटगार्टला टीम लीड म्हणून यायचंय, टीममधले बरेच जण वयाने आणि अनुभवाने मोठे. तर आपली काम करून घ्यायची पद्धत इथे चालेल का? माणसं जोडायची सवय चालेल, ती मुळीच सोडू नका. पण ऐनवेळी शब्द टाकून काम काढून घेणं इथे चालत नाही.

चाकणला डिस्पॅच अडकला की आपण लाईनवर जाऊन म्हणतो, "आज जरा थांबा, एवढं निघू दे." आपल्या शब्दाखातर माणसं थांबतातही. इथे दिवसाचे कामाचे तास कायद्याने 8. फार तर 10, तेही सहा महिन्यांची सरासरी 8 वर येईल अशा बेताने. सुट्टी झाल्यापासून पुन्हा कामावर येईपर्यंत 11 तास विश्रांती. शिवाय कंपनीत बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती असेल, तर ओव्हरटाइम लावायला तिची संमती लागते. माणसं स्वतः तयार असली तरी. म्हणून महिन्याचा लोड आधीच मांडून समितीपुढे ठेवा. आपल्याकडच्या युनियनच्या अनुभवावरून तिला जोखू नका. संप पुकारायला या समितीला कायद्यानेच मनाई आहे. चर्चा करूनच मार्ग काढायचा असतो. वेळेवर माहिती दिलीत तर अडचणीच्या वेळी हीच मंडळी तुमच्या बाजूने उभी राहतात.

मीटिंगमध्ये कोणीतरी सगळ्यांसमोर म्हणेल, "हा प्लॅन जमणार नाही." तो तुमचा पाणउतारा नसतो. कुठे अडतंय ते तिथेच विचारा आणि लिहून घ्या. शॉपफ्लोरवरचा माइस्टर, म्हणजे तिथला सुपरवायझर, रीतसर परीक्षा देऊन त्या पदाला पोचलेला असतो. पहिले काही आठवडे त्याच्याबरोबर लाईनवर घालवा, निर्णय नंतर घ्या. एकदा काम ठरलं की रोज 'कुठवर आलं?' विचारू नका, तो अविश्वास वाटतो.

कोणी आजारी पडलं तर आपण आपुलकीने विचारतो, काय झालं? इथे आजार विचारायचा नाही, किती दिवस येणार नाही एवढंच विचारायचं.

भाषा आत्तापासूनच शिका. ऑफिसात इंग्रजीवर भागेल, लाईनवर नाही. आणि ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला विचारा: बेट्रीब्सराट आहे का, आणि शिफ्ट-ओव्हरटाइमबद्दल तिच्याशी झालेले लेखी करार रुजू होताच वाचायला मिळतील का?