जुनी पिकअप तापतेय? आधी केव्हा तापते ते बघ

थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) बदललास, तरी तापमानाचा काटा वर जातोच, म्हणून आता वॉटर पंप घ्यायला निघालायस. जरा थांब. गाडी नेमकी केव्हा तापते?

उभी असताना तापते आणि वेग घेतला की काटा खाली येतो, असं असेल तर हवा कमी पडतेय. पंख्याचा पट्टा ढिला आहे का बघ. जुन्या गाड्यांत फॅन क्लच, म्हणजे इंजिन तापलं की पंख्याला पकडून फिरवणारा भाग, हमखास दगा देतो. इंजिन तापलेलं असताना बंद कर आणि पंखा हाताने फिरव. सैल गरगरला तर क्लच गेला.

उलट चढावर किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलाय असा माझा पहिला संशय. रेडिएटरचा खालचा होजही (रबरी नळी) तपास. तो मऊ पडला किंवा आतली स्प्रिंग गंजली, की रेस दिल्यावर चपटा होतो आणि पाणी अडतं. हे फार कमी जण बघतात.

रेडिएटरचं झाकण क्षुल्लक वाटतं, पण तेच दाब धरतं, आणि मुख्यतः त्या दाबामुळे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. रबर कडक झालं असेल तर बदल, स्वस्तात सुटशील. गरम इंजिनावर मात्र उघडू नकोस; माझ्या मनगटावरचा डाग अजून आहे.

डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ तेल दिसलं किंवा कूलंटमध्ये सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेल्याची शंका घे. मग गाडी चालवूच नकोस.

वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल, आणि सुरक्षित जागा दिसताच थांब.