प्लाटूनमधला जवान गेल्यावर: नव्या लेफ्टनंटसाठी

साहेब, बातमी तुम्ही स्वतः सांगा आणि सरळ सांगा. ‘गेला’ म्हणा, ‘हॉस्पिटलात हलवलंय, बघू’ म्हणून आशा लावू नका. घरी अधिकृत निरोप पोहोचेपर्यंत कुणाचाही फोन गावी जाऊ देऊ नका, नाहीतर त्याच्या आईला ते टीव्हीवरून कळतं.

सगळ्यात जास्त लक्ष त्याच्या बडीवर, म्हणजे जोडीदार जवानावर ठेवा. त्याला रात्री एकट्याला पहाऱ्यावर उभं करू नका, पण कामातून काढूही नका. रिकाम्या बसलेल्याच्या डोक्यात ‘मी कसा वाचलो’ हेच घोळत राहतं. रडला तर रडू द्या. खरी काळजी न रडणाऱ्याची. जो जेवण टाकतो, झोपत नाही आणि प्रत्येक गस्तीला ‘मी जातो’ म्हणतो, त्याला सूडाच्या भरात पुढे धाडू नका, डॉक्टरांना दाखवा.

गेलेल्या जवानाची ट्रंक कुणी उघडू नये. सामानाची यादी कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट, म्हणजे त्यासाठी नेमलेली लष्करी समिती करते.

घरच्यांना पत्र हातानं लिहा, एक पान पुरे. सोबती त्याला कुठल्या नावानं हाक मारायचे, त्याची एखादी सवय, हे लिहा. जखमांचं वर्णन नको. पण ‘त्रास झाला नाही’ हे खरं नसेल तर तेही नको. पुढे बडी सुट्टीत त्या घरी जातो आणि खोटं उघडं पडतं.

१९९९ च्या कारगिल युद्धापासून पार्थिव गावी पाठवलं जातं, म्हणून अंत्यसंस्कार बहुतेक सोबत्यांना दिसतच नाहीत. चौकीवरच दहा मिनिटं काढा, त्याचं नाव घ्या आणि ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या.